प्रोग्रामच्या संदेशापुढे वेळ छापायची, पण कुठल्या क्षणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: हजारो फाइली एकामागून एक उघडून त्यांतल्या नोंदी तपासणारा एक पायथन प्रोग्राम आहे. तो पाच-सहा तास चालतो आणि मधूनमधून 'शंभर फाइली झाल्या', 'दोनशे फाइली झाल्या' असं छापतो. आता या प्रत्येक ओळीपुढे वेळ हवी आहे. त्यासाठी पन्नासेक प्रिंट ओळी हातानं बदलाव्या लागतील का? त्यानं प्रोग्राम हळू होईल का? आणि दोन ओळींच्या वेळांची वजाबाकी केली की कुठली पायरी किती वेळ खाते ते कळेल का?

झटपट उत्तरं: नाही. नाही. आणि वजाबाकी जरूर करा, पण त्यासाठी वेगळं घड्याळ वापरा. आता सविस्तर.

प्रत्येक प्रिंटमध्ये तारीख-वेळेचा तुकडा चिकटवला तर आजचं काम भागतं. पण उद्या सेकंदांबरोबर मिलिसेकंदही हवे झाले, किंवा स्थानिक वेळेऐवजी यूटीसी, म्हणजे जगाची सामायिक प्रमाणवेळ, हवी झाली, की पुन्हा पन्नास ठिकाणी जायचं आणि त्यांतली तीन हमखास विसरायची. त्यापेक्षा संदेश छापण्याचं काम एकाच फंक्शनकडे सोपवा. त्याला 'सांग' म्हणू. मांडणी मराठीतच लिहितो, म्हणजे पायथन असो की दुसरी कुठली भाषा, उतरवून घेता येईल:

सुरुवात = न_मागे_जाणारं_घड्याळ()
मागचा = सुरुवात

फंक्शन सांग(संदेश):
    आता = न_मागे_जाणारं_घड्याळ()
    छाप: भिंतीवरची_वेळ(), आता − सुरुवात, आता − मागचा, संदेश
    लगेच बाहेर ढकल
    मागचा = आता

पायथनमध्ये 'मागचा' हे नाव फंक्शनच्या आत बदलतं, म्हणून ते आत ग्लोबल म्हणून जाहीर करावं लागेल. नाहीतर पहिल्याच हाकेला एरर येईल. मग एडिटरमध्ये शोधून प्रिंटच्या जागी 'सांग' घालायचं. मात्र हे डोळे मिटून करू नका. पन्नास प्रिंटपैकी काही ओळी प्रगती सांगतात, तर काही खरा निकाल छापतात, आणि तो निकाल पुढे दुसरा प्रोग्राम वाचत असेल. निकालाच्या ओळीपुढे वेळ चिकटली की पुढच्या प्रोग्रामला पहिल्या रकान्यात आकड्याऐवजी तारीख मिळते आणि तो भलतीकडेच कोसळतो. प्रोग्रामला बाहेर लिहायला स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर अशा दोन वेगळ्या वाटा असतात. प्रगतीचे संदेश स्टँडर्ड एररवर आणि निकाल स्टँडर्ड आउटपुटवर, अशी विभागणी याच निमित्तानं करून टाका. 'एरर' या नावामुळे अनेकांना तिथे फक्त चुकाच छापायच्या असं वाटतं, पण माणसानं वाचायच्या गप्पांसाठी ती जागा रास्त आहे.

पायथनचं स्वतःचं लॉगिंग मॉड्यूल का नको, असं कुणीही विचारेल. वापरा की. प्रोग्राम एका फाइलीपेक्षा मोठा असेल तर तेच वापरा. फक्त तीन गोष्टी ठाऊक असू द्या. एक, काहीच ठरवून दिलं नाही तर ते फक्त वॉर्निंग आणि त्यावरच्या पातळीचे संदेश दाखवतं. त्यामुळे नवखा माणूस इन्फो पातळीवर संदेश लिहितो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही म्हणून गोंधळतो. दोन, वेळ मागितली की ते सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये टिंबाऐवजी स्वल्पविराम घालतं, त्यामुळे स्प्रेडशीटमध्ये स्वल्पविरामावर रकाने पाडले की वेळेचे दोन तुकडे होतात. तीन, ती वेळ स्थानिक असते. यूटीसी हवी असेल तर फॉर्मॅटरचा कन्व्हर्टर बदलून जीएमटाइम करावा लागतो.

आता मूळ मुद्दा. ओळीपुढची वेळ म्हणजे कुठल्या क्षणाची वेळ? प्रश्न बालिश वाटेल, म्हणून हा नमुना बघा:

१४:०५:०९ फाइली वाचत आहे
१४:०५:११ नोंदी तपासत आहे
१४:४७:३० अहवाल लिहीत आहे

बेचाळीस मिनिटं कुणी खाल्ली? संदेश पायरी सुरू होताना छापला असेल तर नोंदी तपासण्यानं. पण हाच प्रोग्राम 'फाइली वाचून झाल्या', 'नोंदी तपासून झाल्या', 'अहवाल लिहून झाला' असं छापत असता, तर त्याच तीन वेळांवरून दोष अहवालाकडे गेला असता. खऱ्या प्रोग्राममध्ये दोन्ही तऱ्हा मिसळलेल्या असतात, कारण ओळी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या मूडमध्ये लिहिलेल्या असतात. 'नोंदी तपासणी' असा नुसता मथळा छापणारे तर वाचणाऱ्याला पूर्ण अंधारात ठेवतात. असा लॉग, म्हणजे छापलेल्या संदेशांची नोंद, वाचून लोक भलत्याच फंक्शनला वेगवान करत बसलेले मी पाहिले आहेत. मीही त्यांतला एक.

यावर दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही करतो. क्रियापद स्पष्ट ठेवायचं: '…आहे' म्हणजे सुरू झालं, '…झालं' म्हणजे संपलं. आणि लांब पायरीच्या 'झालं'च्या ओळीत त्या पायरीचा कालावधी तिथेच लिहायचा: 'नोंदी तपासून झाल्या, २५३९ सेकंद लागले'. वाचणाऱ्याकडून वजाबाकी करून घेऊ नये. पहाटे तीन वाजता १४:४७:३० मधून १४:०५:११ वजा करताना माणूस साठाऐवजी शंभराची हातची घेतो, हे अनुभवाचे बोल आहेत. पायथनमध्ये कॉन्टेक्स्ट मॅनेजर लिहून 'विथ' ब्लॉकच्या दोन्ही टोकांना हे आपोआप करता येतं. मध्येच चूक होऊन ब्लॉक अर्धवट सुटला तरी शेवटची ओळ छापली जाईल असं लिहा, कारण अर्ध्यात मेलेल्या पायरीनं किती वेळ घेतला हेच बहुतेक वेळा हवं असतं.

वरच्या आराखड्यात दोन घड्याळं आहेत. एक भिंतीवरचं. ते तारीख-वेळ सांगतं, माणसाला कळतं, दुसऱ्या यंत्रावरच्या लॉगशी ताडून पाहता येतं. पण ते मधेच सरकवलं जाऊ शकतं. नेटवर्कवरून वेळ जुळवणारी एनटीपी सेवा ते पुढे-मागे करते. कुणी ॲडमिन हातानं बदलतो. व्हर्च्युअल मशीन थांबवून पुन्हा सुरू केलं की ते एकदम उडी मारतं. दुसरं घड्याळ मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढे जाणारं. त्याचा आकडा एकटा निरर्थक असतो, अनेकदा यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद असतात. पण त्याच यंत्रावरच्या त्याच्या दोन वाचनांमधला फरक भरवशाचा असतो. पायथनमध्ये ते २०१२च्या ३.३ आवृत्तीपासून टाइम मॉड्यूलमध्ये मोनोटॉनिक याच नावानं आहे. फार बारीक मोजमापासाठी परफ काउंटर आहे. सीमध्ये क्लॉक गेटटाइमला कुठलं घड्याळ हवं ते सांगता येतं.

'इतकं कुठे घड्याळ मागे जातं!' असं वाटत असेल तर एक जाहीर उदाहरण सांगतो. १ जानेवारी २०१७ रोजी यूटीसीप्रमाणे मध्यरात्री, वर्षाला जोडलेल्या लीप सेकंदाच्या, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळं जुळती ठेवायला घातलेल्या जादा सेकंदाच्या वेळी, क्लाउडफ्लेअर कंपनीच्या डीएनएस सेवेचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) काही भाग कोसळला. गो भाषेत लिहिलेल्या त्यांच्या प्रोग्राममध्ये दोन वेळांची वजाबाकी होती आणि ती कधी शून्याखाली जाणार नाही असं गृहीत धरलेलं होतं. लीप सेकंदाला घड्याळ मागे आलं, फरक ऋण झाला, आणि तो आकडा पुढे अशा फंक्शनकडे गेला ज्याला ऋण संख्या चालत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या गो १.९ मध्ये 'आत्ताची वेळ' मागितली की भिंतीवरची आणि मोनोटॉनिक अशी दोन्ही वाचनं एकत्र मिळू लागली आणि वजाबाकी आपोआप दुसऱ्यावर होऊ लागली. १९७२पासून आजवर असे २७ लीप सेकंद घातले गेले, ३१ डिसेंबर २०१६चा शेवटचा. २०३५पर्यंत ही पद्धत सोडायची असं २०२२मध्ये ठरलंय. तेव्हा लीप सेकंदाची भीती तशी ओसरलीय, पण एनटीपी आणि ॲडमिन कुठे जात नाहीत.

ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, तिथे स्थानिक वेळेचा आणखी एक घोळ. मध्य युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनला काटा पुन्हा दोनवर येतो. म्हणजे त्या रात्री दोन ते तीन हा तास लॉगमध्ये दोनदा उगवतो, आणि ०२:३०ची ओळ पहिल्या फेरीतली की दुसऱ्या, हे ओळीवरून सांगता येत नाही. रात्री चालणारे प्रोग्राम नेमके याच वेळेला चालतात.

मोनोटॉनिकचीही एक खोड आहे. लिनक्सवर यंत्र झोपलेलं असताना ते थांबतं. लॅपटॉपचं झाकण दोन तास बंद होतं, तर भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे पायरीला दोन तास तीन मिनिटं लागली आणि मोनोटॉनिकप्रमाणे तीनच. झोपेचा वेळही धरायचा असेल तर लिनक्समध्ये बूटटाइम नावाचं वेगळं घड्याळ आहे. मी मात्र दोन्ही रकाने छापून ठेवतो. ते एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा यंत्र झोपलं होतं किंवा कुणीतरी घड्याळाला हात लावला होता, एवढी बातमी फुकटात मिळते. लिनक्सच्या कर्नलचे संदेशही सुरू झाल्यापासूनच्या सेकंदांत असतात. डीमेसेज कमांडला कॅपिटल टी हा पर्याय दिला की ते तारखेत बदलून दिसतात, पण यंत्र मध्ये झोपून उठलं असेल तर त्या तारखा चुकू शकतात, असा इशारा तिच्या मॅन्युअलमध्येच आहे.

आणि सीच्या क्लॉक या फंक्शनपासून सावध. नाव घड्याळाचं, पण ते मोजतं प्रोसेसरनं तुमच्या प्रोग्रामसाठी खर्च केलेला वेळ. तुमचा प्रोग्राम डिस्ककडून फाइल येण्याची वाट बघत दहा मिनिटं बसला तर त्यात जवळजवळ काहीच भर पडत नाही. त्यातून मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत हेच फंक्शन खरा उलटलेला वेळ देतं. म्हणजे एकच कोड विंडोजवर एक सांगतो आणि लिनक्सवर दुसरंच. पायथनमध्येही टाइम मॉड्यूलचं क्लॉक असंच दुटप्पी होतं. ते ३.८ आवृत्तीत काढूनच टाकलं. जुन्या उत्तरांतून उतरवलेला कोड त्यावर अडला तर दचकू नका.

आराखड्यातली 'लगेच बाहेर ढकल' ही ओळ लोक सर्रास गाळतात. मीही गाळली होती. रात्री चालणारा एक प्रोग्राम होता, संदेश फाइलीत जात होते. सकाळी बघतो तर शेवटची ओळ ०२:१४ची, 'जुन्या नोंदी जुळवत आहे'. प्रोग्राम जिवंत, पण सात तास गप्प. आम्ही अर्धा दिवस त्या जुळवणीच्या क्वेरीमागे लागलो, डेटाबेस सांभाळणाऱ्या बिचाऱ्याला बोल लावले, इंडेक्स तपासले. जुळवणी कधीच संपली होती. प्रोग्राम त्यापुढच्या चौथ्या पायरीवर, एका नेटवर्क जोडणीच्या उत्तराची वाट बघत अडकला होता. मधल्या पायऱ्यांच्या ओळी छापल्या गेल्या होत्या, पण त्या बफरमध्येच, म्हणजे बाहेर पडण्याआधी मजकूर साठतो त्या जागेत, पडून होत्या.

कारण असं. स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलला जोडलेलं असेल तर ओळ संपली की ती बाहेर पडते. पण तेच फाइलीकडे किंवा पाइपकडे (दुसऱ्या प्रोग्रामला जोडणाऱ्या नळीकडे) वळवलं की लायब्ररी काही किलोबाइटांचा गठ्ठा साठेपर्यंत थांबते. वेग वाढवण्यासाठीच ही सोय आहे, आणि निकालासाठी ती योग्यच आहे. प्रगतीच्या संदेशासाठी मात्र ती घातक. म्हणूनच 'माझ्या टर्मिनलवर बरोबर दिसतं, सर्व्हरवर गायब होतं' ही तक्रार इतकी नेहमीची. पायथनमध्ये प्रिंटला फ्लश, म्हणजे 'लगेच बाहेर ढकल', हा पर्याय खरा (ट्रू) करून द्या, किंवा पूर्ण प्रोग्राम लहान यू पर्यायानं चालवा. स्टँडर्ड एररवर छापलंत तर हा त्रास बराचसा सुटतो. सीमध्ये ते बफर होत नाही आणि पायथन ३.९पासून ते कायम ओळीगणिक बाहेर पडतं.

प्रोग्रामला हात न लावता बाहेरून वेळ चिकटवायचा मार्गही आहे. युनिक्स-लिनक्सवर मोअरयूटिल्स नावाच्या संचात टीएस ही छोटी कमांड आहे. प्रोग्रामचं आउटपुट पाइपनं तिच्याकडे दिलं की ती प्रत्येक ओळीपुढे वेळ लावते. लहान आय दिला तर मागच्या ओळीपासूनचा वेळ, लहान एस दिला तर सुरुवातीपासूनचा, लहान एम दिला तर मोनोटॉनिक घड्याळ. दुसऱ्याचा प्रोग्राम असेल, कोड हाती नसेल, तर याहून सोपं काही नाही. पण कुठल्या क्षणाची वेळ, हा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. टीएस लावते ती ओळ तिच्या हातात *पोचल्याची* वेळ. आतला प्रोग्राम बफर भरेपर्यंत थांबला असेल तर शंभर ओळी एकाच सेकंदाला पोचतात आणि सगळ्यांवर तोच शिक्का बसतो. लॉगमध्ये अर्धा तास शांतता, मग एका सेकंदात शंभर ओळी, पुन्हा अर्धा तास शांतता असा नमुना दिसला, तर काम झटक्याझटक्यानं होत नसून बफर रिकामा होतोय असं समजा. सीमधल्या प्रोग्रामसाठी एसटीडीबफ ही कमांड पुढे लावून ओळीगणिक बाहेर पडायला लावता येतं. पायथन स्वतःचा बफर स्वतः सांभाळतं, त्यामुळे तिथे ती चालत नाही, लहान यूच लागतो.

प्रोग्राम सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाखाली सेवा म्हणून चालत असेल तर त्याचं जर्नल प्रत्येक ओळीबरोबर भिंतीवरची आणि मोनोटॉनिक अशी दोन्ही वेळ आपणहून ठेवतं. प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं डॉकरही लॉग दाखवताना वेळ लावून देऊ शकतं. तिथे प्रोग्राममधूनही पूर्ण तारीख छापली की एकाच ओळीत दोन तारखा येतात, आणि त्या दोन-तीन मिलिसेकंदांनी वेगळ्या असतात म्हणून कुणीतरी त्यावर बैठक बोलावतं. अशा ठिकाणी मी प्रोग्राममधून फक्त कालावधी छापतो.

आता ती वेळ कशी लिहायची. माझ्या मते यात वादाला फारशी जागा नाही: वर्ष, महिना, दिवस, मग चोवीस तासांची वेळ, शेवटी यूटीसीपासूनचं अंतर. १९८८च्या आयएसओ ८६०१ प्रमाणानं हा क्रम रूढ केला आणि इंटरनेटसाठीचा त्याचा आटोपशीर अवतार २००२मध्ये आरएफसी ३३३९ म्हणून आला. म्हणजे असं:

२०२४-०३-०७ १४:०५:०९.३१२+००:००

मोठा आकडा डावीकडे असल्यामुळे साध्या अक्षरक्रमानं लावलं तरी ओळी कालक्रमानं लागतात. ०३/०७ म्हणजे तीन जुलै की सात मार्च, हा वाद उरत नाही. वर्ष गाळू नका. सिसलॉग या युनिक्सच्या लॉग-व्यवस्थेच्या जुन्या पद्धतीत वर्ष नसायचं, आणि ३१ डिसेंबर ते १ जानेवारी ओलांडणारे लॉग एकत्र करताना त्याचा खरा ताप होतो. २००९च्या नव्या पद्धतीत तो दुरुस्त झाला, तरी जुन्या धाटणीच्या ओळी आजही सर्वत्र भेटतात. अंतरही गाळू नका. सगळी यंत्रं यूटीसीवर असतील तरी ते लिहा, कारण वाचणाऱ्याला तुमची सवय ठाऊक नसते. काही टाइमझोन अर्ध्या किंवा पाऊण तासाच्या अंतराचे असतात, तेव्हा 'तासात काहीतरी चुकलंय' अशा अंदाजानं ते ओळखताही येत नाही. एकट्यानं, एका बसणीत, आपल्याच लॅपटॉपवर चालवायच्या प्रोग्रामसाठी नुसते तास-मिनिटं-सेकंद पुरतात. तिथे ही सगळी लांबण म्हणजे डोळ्यांना त्रास.

फॉर्मॅटच्या खुणांत काही कायमचे सापळे आहेत. तारीख-वेळ हव्या त्या रूपात लिहून देणाऱ्या एसटीआरएफटाइम फंक्शनमध्ये लहान एम म्हणजे महिना, कॅपिटल एम म्हणजे मिनिट. उलटसुलट झालं तर लॉगमध्ये सगळ्या ओळींचं मिनिट मार्चभर ०३च राहतं आणि ते नजरेतून सुटतं, कारण ०३ हे मिनिट म्हणून अगदी सोज्ज्वळ दिसतं. जावामध्ये वर्षासाठी लहान वायऐवजी कॅपिटल वाय लिहिलं तर आठवड्याच्या हिशेबानं वर्ष मिळतं. वर्षभर ते बरोबर दिसतं आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत लॉग एकदम पुढच्या वर्षात जातो, तेही नेमके सगळे सुटीवर असताना. तिथेच लहान एच म्हणजे बारा तासांचं घड्याळ, दुपारचे दोन आणि पहाटेचे दोन सारखेच. सीमधलं सीटाइम हे फंक्शन तर वेळेच्या शेवटी नवी ओळ स्वतःच जोडून देतं. वेळ एका ओळीत आणि संदेश दुसऱ्या ओळीत उतरला की समजावं कुणीतरी ते वापरलंय. शिवाय ते एकाच सामायिक जागेत लिहितं, त्यामुळे दोन थ्रेडनी (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांनी) एकदम बोलावलं तर एकाची वेळ दुसऱ्याच्या ओळीत जाऊ शकते.

थ्रेडचा विषय निघालाच आहे तर एवढंच: वेळ आणि संदेश मिळून एकच पूर्ण ओळ आधी तयार करा आणि एकाच हाकेत छापा. आराखड्यातला 'मागचा' मात्र अनेक थ्रेडमध्ये निरर्थक होतो, कारण मागची ओळ भलत्याच कामाची असते. तो प्रत्येक थ्रेडचा वेगळा ठेवा, किंवा काढून टाका आणि थ्रेडचं नाव छापा.

हळू होण्याची भीती. घड्याळ विचारणं आजच्या यंत्रांवर एका मायक्रोसेकंदापेक्षा बरंच स्वस्त आहे. लिनक्समध्ये त्यासाठी बहुतेकदा कर्नलमध्ये शिरावंही लागत नाही. त्याची तारीख बनवणं त्याहून महाग, आणि ओळ छापून फ्लश करणं सगळ्यांत महाग. तेव्हा वेळ लावल्यानं नव्हे, वारंवार छापल्यानं प्रोग्राम मंदावतो. अपवाद शेल स्क्रिप्टचा. तिथे प्रत्येक ओळीसाठी डेट कमांड बोलावली तर दर वेळी नवी प्रोसेस जन्माला येते. बॅश ४.२पासून अंगभूत प्रिंटएफ स्वतःच तारीख देऊ शकतं, आणि ५.० पासून सेकंदांच्या अपूर्णांकासह वेळ देणारं व्हेरिएबलही आहे. मोठ्या लूपमध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो.

म्हणून किती वेळा छापायचं ते मोजणीवर नको, वेळेवर ठरवा. 'दर शंभर फाइलींना' हा नियम फाइली सारख्या आकाराच्या असतील तोवरच ठीक. छोट्या फाइलींची रांग लागली की सेकंदाला वीस ओळी, आणि एक राक्षसी फाइल आली की वीस मिनिटं सुनसान. त्याऐवजी लूपच्या प्रत्येक फेरीत मोनोटॉनिक घड्याळ बघा आणि शेवटच्या ओळीला दहा सेकंद उलटून गेले असतील तरच छापा. ओळीत झालेली संख्या, एकूण संख्या आणि गेल्या दहा सेकंदांतला वेग ठेवा. 'अजून किती वेळ लागेल' हा अंदाज छापायचा असेल तर तो सुरुवातीपासूनच्या सरासरीवर न काढता अलीकडच्या वेगावर काढा, आणि फाइलींच्या संख्येपेक्षा त्यांच्या बाइट्सवर. तरीही शेवटचे पाच टक्के पहिल्या पन्नास टक्क्यांइतका वेळ घेतात तेव्हा हसू येतंच.

एकाच ओळीवर नाचणारी पट्टी आवडत असेल, टीक्यूडीएमसारखी, तर ती टर्मिनलपुरती. ती पट्टी नवी ओळ न घेता कर्सर ओळीच्या सुरुवातीला आणून स्वतःवरच पुन्हा लिहिते. फाइलीत गेली की शेकडो अवस्था एका लांबलचक ओळीत चिकटतात, आणि टीएसला ती एकच ओळ वाटते, म्हणून शिक्काही एकच. आउटपुट टर्मिनलला जोडलंय का हे आयझॅटटीवाय या फंक्शननं विचारा. जोडलेलं असेल तर पट्टी, नसेल तर साध्या वेळेच्या ओळी.

राहता राहिला तो प्रसंग, ज्यासाठी बहुतेक लोक वेळ छापायला सुरुवात करतात: प्रोग्राम गप्प झालाय आणि तो अडकलाय की राबतोय ते कळत नाही. ओळीपुढची वेळ फक्त शेवटचं बोलणं कधी झालं ते सांगते, गप्प बसण्याचं कारण सांगत नाही. लूपमधली दहा सेकंदांची तपासणीही इथे उपयोगाची नाही, कारण एकाच फेरीत अडकलेला प्रोग्राम त्या तपासणीपर्यंत पोचतच नाही. म्हणून लांब कामाच्या *आधी* त्या फाइलीचं नाव छापा, नंतर नव्हे. आणि वेगळ्या थ्रेडमधून दर मिनिटाला एक ठोका छापत असाल तर त्यात नुसतं 'जिवंत आहे' लिहू नका. मुख्य काम मेलं तरी तो थ्रेड इमानदारीनं दर मिनिटाला जिवंत असल्याचं कळवत राहतो. मुख्य लूपनं वाढवलेला आकडा आणि सध्याच्या फाइलीचं नाव त्या ठोक्यात घाला. आकडा दहा मिनिटं हलला नाही तर पायथनच्या फॉल्टहँडलर मॉड्यूलला ठरावीक वेळानं सगळ्या थ्रेडचा कॉल स्टॅक छापायला आधीच सांगून ठेवता येतं. त्यात प्रोग्राम नेमका कुठल्या ओळीवर उभा आहे ते दिसतं. माझ्या त्या ०२:१४च्या रात्री एवढं असतं, तर डेटाबेसवाल्याची माफी मागायची वेळ आली नसती.